शालीला केलेला नमस्कार

पाणी माझ्या छातीला लागलं तेव्हा माझे व्याही वर रस्त्यावर, गाडीत उभे राहून, माझ्या शालीला नमस्कार करत होते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी तिवरांच्या मागे खाडीच्या गाळात रुतून बसले होते. एका हातात तिवराची फांदी होती आणि दुसऱ्या हातात चप्पल. चप्पल कशाला धरून ठेवली होती ते मला सांगता येणार नाही. वरून व्याह्यांचा आवाज येत होता. ते एकेकाचं नाव पुकारत होते आणि जो तो "आलो", "आले" म्हणत होता. माझं नाव त्यांत येणार नाही हे मला ठाऊक होतं, कारण माझ्या व्याह्यांनी माझं नाव तोवर कधी घेतलेलं नव्हतं. एवढा सभ्य माणूस अख्ख्या पनवेलात दुसरा नसेल, आणि त्यांच्या सभ्यपणापायीच मी मरायला टेकले होते.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. एका सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. उंच, काटकुळे, बारा महिने हातात काळी छत्री. माझ्या मुलाची सोयरीक ठरवायला आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी मुलाचा पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. पोहे बाजूला ठेवून मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथे भरतीचं पाणी पायरीला लागतं, नाही का?" मागच्या दाराबाहेर दुसऱ्या सोसायटीचं पार्किंग होतं. मी म्हटलं, "इथे पाणी नळालासुद्धा धड येत नाही." त्यांनी मान हलवली, जणू मी त्यांच्या मनातलंच बोलले, आणि लग्न पक्कं झालं.

विहिणीच्या तोंडाकडे बघायचं नाही हा त्यांच्या घरचा रिवाज. तो रिवाज बाकी सगळ्यांनी कधीच सोडला, ह्यांनी एकट्याने धरून ठेवला. सणाला घरी आले की माझ्याशी बोलताना ते फ्रिजकडे बघायचे. "विहीणबाई, गुडघे काय म्हणतात?" असं फ्रिजला विचारायचे. मग मी फ्रिजच्या वतीने सांगायचे की दुखतात. एकदा मी आजारी होते तेव्हा भेटायला आले आणि माझ्या उशीशेजारच्या गरम पाण्याच्या पिशवीची विचारपूस करून गेले. मी उठून मोरीत गेले तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. सून म्हणायची, "बाबा तुम्हाला मान देतात." देत असतील. पण दहा वर्षांत त्यांनी माझं नाक कसं आहे ते पाहिलेलं नव्हतं, हेही खरं.

आता त्यांच्या सहलीबद्दल सांगते. महिन्यातून एका रविवारी ते सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसांना टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये भरून दिवसभर जुनं पनवेल दाखवतात. पनवेल हे कधीकाळी मोठं बंदर होतं, इथून गलबतं मुंबईला जायची, हे आमच्या पिढीला ऐकून माहीत आहे. व्याह्यांना ते ऐकून माहीत नाही. त्यांना ते दिसतं. इतर लोक दाखवतात ते शिल्लक असलेलं दाखवतात. माझे व्याही फक्त नसलेलं दाखवतात. छत्री उंच धरून पुढे चालतात, मध्येच थांबतात आणि एका मोबाईलच्या दुकानाकडे छत्री रोखून म्हणतात, "हे मिठाचं कोठार. वास आला?" आणि माणसं नाक वर करून वास घेतात. एका काकांनी तर वास आल्याचं सांगितलं.

मी बरीच वर्षं जायचं टाळलं. मागच्या हिवाळ्यात सूनबाई मागेच लागली. "आई, एकदा तरी जा हो. माझी आई गेल्यापासून बाबा ह्या सहलीवरच जगतात." तिची आई, म्हणजे माझी विहीण, कुसुम. जाडजूड, हसरी, खाडीकाठच्या गावातली. तापाचं निमित्त होऊन दवाखान्यात गेली. त्यात गूढ काही नाही. ती होती तेव्हा प्रत्येक सहलीला असायची आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या शेवटी गाडीत चढायची, कारण कोणा ना कोणाशी बोलत उभी राहायची. व्याही दारात उभे राहून हाक मारायचे, "कुसुम", आणि लांबून कुठून तरी आवाज यायचा, "ओ, आले." मग ती धापा टाकत यायची, पिशवीत मासळी नाहीतर भाजी. हाक मारली की ती येते, एवढं एकच त्यांना ठाऊक होतं. दवाखान्यातही ते शेवटपर्यंत हाक मारत राहिले होते. नर्सने त्यांना बाहेर बसवलं.

सकाळी तळ्याच्या काठावरून आम्ही निघालो. मी डाव्या बाजूची एकटी सीट घेतली, कारण मला शेजारी कोणी बोलायला नको असतं. गाडीत एसी फार होता म्हणून शाल घेतली होती. निघण्याआधी व्याह्यांनी हजेरी घेतली. नावं पाठ होती. माझ्यापाशी आल्यावर नाव न घेता त्यांनी माझ्या सीटच्या जरा वर, खिडकीच्या पडद्याकडे बघून मान लववली, हात जोडले आणि पुढे गेले. मग दारात येऊन ड्रायव्हरला म्हणाले, "रशीदभाई, बंद करा." रशीदभाईने इंजिन बंद केलं. एसी थांबला. सगळे गप्प झाले. व्याह्यांनी बाहेर तोंड करून हाक मारली, "कुसुम."

कोणी हललं नाही. माझ्या पुढची बाई आपल्या बांगड्या धरून बसली, वाजू नयेत म्हणून. बाहेर कावळे ओरडत होते तेवढेच. ते थांबले, थांबले, मग म्हणाले, "येईल मागून. चला." आणि रशीदभाईने गाडी सुरू केली. माझ्या पाठीवरून काहीतरी सरकल्यासारखं झालं. मी शाल ओढून घेतली आणि स्वतःला सांगितलं की एसी आहे.

दिवसभर असंच. बाजारात एका मोकळ्या जागेत, जिथे फक्त दुचाक्या लावल्या होत्या, ते वळून म्हणाले, "डोकं सांभाळा, दरवाजा बुटका आहे." सगळे वाकले. मी वाकणार नव्हते, पण गुडघ्यांनी माझं ऐकलं नाही आणि मीही वाकले. आमच्यातले एक बँकेतले निवृत्त साहेब ताठ मानेने चालत गेले. दुपारपासून ते कपाळ चोळत होते. ऊन लागलं असेल. शिरढोणला गेलो, तिथे मात्र क्रांतिकारकाचं घर खरंच आहे, तेव्हा व्याह्यांना त्यात फारसा रस वाटला नाही. ते रस्त्यावर उभे राहून कोणाला तरी वाट देत होते. रस्ता मोकळा होता. आपट्याला नदीकाठी जेवलो. जेवताना ते नदीकडे बघून मध्येच हसले, कोणीतरी काही बोलल्यावर हसावं तसे. मी भाकरी खाली ठेवली आणि मागे वळून पाहिलं. पाणी होतं आणि एक म्हैस होती.

तिसऱ्या प्रहरी परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. व्याह्यांनी सगळ्यांचा चहा सांगितला आणि वर एक कमी साखरेचा. तो कप त्यांनी बाकड्याच्या टोकाला ठेवला आणि छत्री घेऊन रस्त्यापलीकडची नसलेली विहीर दाखवायला गेले. चहावर साय धरायला लागली. मला वाया गेलेलं बघवत नाही. मी तो कप उचलला.

रशीदभाई हळूच म्हणाला, "मावशी, तो राहू द्या. अमानत आहे ती."

"कोणाची?"

"ज्यांची आहे त्यांची."

"मग त्यांना सांग, गार झाला," मी म्हटलं आणि प्यायले. चांगला होता. कमी साखरेचा मलाही चालतो. व्याही परत आले, रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. मला जरा कसंतरी झालं, पण चहा पोटात गेला होता.

नंतर गाडी उलव्याच्या बाजूला गेली. तिथे नुसत्या उभ्या राहिलेल्या इमारती, क्रेन आणि धूळ. विमानतळासाठी डोंगर कापून सपाट केलाय ते सगळ्यांना माहीत आहे. व्याही उतरले, मान मागे टाकली आणि आभाळात छत्री दाखवून म्हणाले, "ते बघा देऊळ. पायऱ्या चढवणार नाही तुम्हाला, इथूनच हात जोडा." वर निळं रिकामं आभाळ. त्यातून एक विमान गेलं, ते म्हणे देवळाच्या गाभाऱ्यातून गेलं. अख्खी गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहून आभाळाला हात जोडत होती. मजूर काम थांबवून वर बघायला लागले. मीसुद्धा हात जोडले. देऊळ होतं हे खोटं नव्हतं, आणि देव कुठे गेला ते मला कोणी सांगितलेलं नाही.

शेवटचं ठिकाण जुना धक्का. खाडीला लागून थोडे दगड उरलेत, बाकी सगळी तिवरं. सूर्य खाली गेला होता. रस्त्याच्या कडेला एक कोळीण टोपलीत सुकी मासळी घेऊन बसली होती. तिने व्याह्यांना पाहिल्याबरोबर विचारलं, "वयनी नाय आली?"

"मागून येतेय," व्याही म्हणाले.

"बरा. मंग ह्यो जवळा तिचा," असं म्हणून तिने कागदात बांधलेली पुडी त्यांच्या हातात दिली.

ते पुढे गेल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "बाई, तुला ठाऊक नाही का? ती गेली."

"ठावं हाय. मयताला आलतू आमी." ती टोपली झाकत होती. "पन तो पयला इचारायचा, कुसुम इकरं आली का म्हनून. नाय बोलली का बसून रहायचा, घरा जायाचा नाय. आता मीच इचारते आदी. मंग जातो."

व्याह्यांचं धक्क्यावरचं भाषण सगळ्यात लांब असतं. गलबत लागतं, माल उतरतो, जकात भरतात, प्रवासी चढतात, आणि ह्यातलं काही गाळून चालत नाही. दोन कप चहा माझ्या पोटात होता. ह्या माणसाने दिवसभरात आम्हाला जकात नाका दाखवला, टांग्यांचा अड्डा दाखवला, पण बायकांची सोय एकाही ठिकाणी केली नव्हती. आपट्यानंतर तर आडोसाही नाही. मी गाडीत जाऊन पिशवी सीटवर उभी ठेवली, शाल त्यावर आणि सीटच्या पाठीवर टाकली, आणि गुपचूप तिवरांमागे गेले. वरून जमीन घट्ट दिसत होती. काम झालं, उठले, एक पाऊल बाजूला टाकलं आणि पाय गेला तो गेलाच. दुसरा काढायला जोर लावला तर तोही गेला. मग बसले. गाळ मांड्यांच्या वर आला आणि थांबला.

तेवढ्यात भरती लागली. खाडीचं पाणी लाटा घेऊन येत नाही, आवाज न करता येतं. आधी तिवरांच्या मुळांमधली भोकं भरली, बुडबुडे आले, मग माझ्या लुगड्याचा काठ तरंगायला लागला. आधी मी ओरडले नाही. अशा अवस्थेत व्याह्यांनी मला बघावं हे मला मान्य नव्हतं. पाणी कमरेला आल्यावर मान्य झालं. मग ओरडले. पण वरून डंपर जात होते, आभाळात विमान होतं, गाडीचं इंजिन चालू होतं. माझा आवाज मलाच नीट ऐकू येईना. ओरडून ओरडून घसा बसला. अंधारून यायला लागलं. तिवरांमध्ये काहीतरी चुळचुळत होतं, खेकडे असतील. मला सारखं वाटत होतं की मागे कोणीतरी उभं आहे, आणि मला मान वळवता येत नव्हती.

मग हजेरी सुरू झाली. एकेक नाव, एकेक उत्तर. गाडीतली माणसं दमलेली, अर्धी डुलक्या घेत होती. व्याही माझ्या सीटपाशी आले. अंधूक उजेडात शाल पांघरून खिडकीकडे तोंड करून म्हातारी बसल्यासारखी ती पिशवी दिसत होती. दुसरा कोणीही माणूस चेहरा बघायला वाकला असता. माझे व्याही वाकले ते नमस्कार करायला. पिशवीने नमस्कार घेतला आणि ते पुढे गेले.

खाली मला कळलं की नावं संपली. आता गाडी निघणार. फांदी धरलेला हात बधिर झाला होता. आणि तेवढ्यात इंजिन बंद झालं. सगळं शांत झालं. डंपरही त्या क्षणी नव्हता. त्या शांततेत वरून हाक आली, "कुसुम."

अख्ख्या दिवसात माझा आवाज ऐकू जाईल अशी तेवढीच एक वेळ होती, आणि ती दुसरीच्या नावाची होती. मी विचार केला नाही. घशात उरलं होतं तेवढं सगळं लावून मी म्हटलं, "ओ, आले."

तो आवाज माझा वाटला नाही. घसा बसलेला, त्यामुळे. वर कोणीतरी किंकाळी दाबली, ती बांगड्यांवाली असणार. मग धावणारी पावलं. सत्तरी उलटलेला माणूस दगडांवरून, तिवरांतून, अनवाणी धावत आला. फांद्या बाजूला करून व्याही समोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, देवाला गेलेल्यांच्याही नाही. त्यांनी मला पाहिलं. ते सगळं एकेक करून विझलं. जिवंत माणूस सापडल्याचं इतकं दुःख कोणाला झालं नसेल.

मी म्हटलं, "मी आहे, व्याही."

"हो," ते म्हणाले. "तुम्ही आहात."

तरी त्यांनी हात दिला नाही. छत्री दिली. मूठ माझ्याकडे करून, तोंड बाजूला वळवून. मी चप्पल काखेत मारून मूठ धरली, त्यांनी ओढलं आणि मूठ निघून माझ्या हातात आली. पाणी गळ्याशी होतं. मी म्हटलं, "आता काय फ्रिज आणू का तुमच्यासाठी?" तेव्हा ते पाण्यात उतरले, माझं मनगट धरलं, माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि म्हणाले, "द्वारकाबाई, घट्ट धरा."

पण ओढण्याऐवजी तेच गुडघ्यापर्यंत रुतले. आणि मला दिसलं की ते माझ्या डोक्यावरून मागे बघतायत, तिवरांच्या आत, आणि त्यांना बाहेर यायची काही घाई नाही. मला मरणाची भीती तेव्हा वाटली, त्याआधी नाही. मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि म्हटलं, "मला घरी जायचंय. तुमची मुलगी वाट बघतेय."

मागून कोळीण आली, तिच्याबरोबर रशीदभाई दोर आणि फळी घेऊन. "आजी, हालू नको. हाललीस का अजून खाली जाशील. फांदी सोरू नको." मग व्याह्यांना म्हणाली, "तुमी पन. तिकरं काय बगताव? ती घरा गेली. चला." त्या बाईने आम्हा दोघांना मासळीच्या टोपल्यांसारखं एकामागून एक बाहेर काढलं. चप्पल काखेतच होती.

गाडीत मला शालीत गुंडाळलं. व्याही माझ्या पुढच्या सीटवर बसले, पाठमोरे. पुढे बघतच म्हणाले, "आवाज दोनदा आला, नाही?"

"एकदाच. मी एकदाच ओ दिली."

"तुमचा धरून दोनदा."

"खाडी आहे. आवाज परततो."

"हं," ते म्हणाले. "तुमचा नंतरचा. बसलेल्या घशाचा. त्याच्या आधी धक्क्याकडून आला तो."

मी रशीदभाईकडे पाहिलं. तो आरशात बघत नव्हता. परतलेला आवाज आधी कसा येईल, हे मी विचारलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला त्यातलं कळत नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नाही.

सहल अजून चालू आहे. मीही जाते, जागा फुकट असते. व्याह्यांनी आता कुसुमला हाक मारणं सोडलंय. चहा मात्र एक जास्तीचा सांगतात आणि बाकड्याच्या टोकाला न ठेवता माझ्यापुढे ठेवतात. हजेरीला सगळी नावं झाली की रशीदभाई न सांगता इंजिन बंद करतो. व्याही दारात उभे राहतात, वळून माझ्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, "द्वारकाबाई." मी "आले" म्हणते. तरी ते जरासे थांबतात. बाहेर बघतात. मग गाडी निघते. त्या थांबण्याला मी पूर्वी हसायचे. आता मीही कान देऊन बसते.

त्या संध्याकाळी खाडीतून दोन माणसं जिवंत बाहेर आली. एक मी आणि एक माझे व्याही.